अकरा घरांची सुपारी

लोणावळा,
२१ जून

चि. निवृत्ती यास,

राजेंद्र सरांचे आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पत्र वाचून झाल्यावर तुला वाटलं तर ते खोड.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. हरकत नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझं बोलणं मध्येच बंद करावं असं पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटलं असेल, सोय मात्र तुझ्याच पिढीला मिळाली. म्हणून कागद. आमचा आकाश, माझा पुतण्या, हल्ली चाकणला तुझ्याच कंपनीशेजारी पाळीला येतो. त्याच्या डब्याच्या पिशवीतून हे पत्र तुला मिळेल. कागदाला ठेच्याचा वास आला तर तो दोष माझ्या आईचा.

आई ब्याऐंशीची झाली, हल्ली इथं लोणावळ्याला माझ्याकडंच असते. खुब्याचं हाड जुळलं ते वाकडंच जुळलं, पण जीभ सरळ आहे. मी लिहायला बसलो तशी म्हणाली, "निवऱ्याला लिवतूयास न्हवं? मग तुजं ते संस्कृत घालू नगंस त्यात. पोरगं निम्म्यात फाडंल." तेव्हा या पत्रात एकही सुभाषित नाही, निर्धास्त वाच. शाळेत यंदा संस्कृतला नऊ मुलं आहेत. गुण पडतात म्हणून येतात. तू संस्कृतच्या वर्गात होतास तेव्हा तेही कारण तुला पटलं नव्हतं. लोणावळा आहे तसंच आहे. शनिवारी शाळेतून स्टेशनापर्यंत चालत गेलो आणि पुण्यामुंबईच्या सगळ्या गाड्यांच्या आधी पोचलो.

आता कामाचं. बारा जुलैला, रविवारी, आपल्या वाडीची बैठक आहे. पंचायतीची निवडणूक लागते आहे आणि वाडीचा उमेदवार ठरवायचा आहे. रीत तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. कारण दूर राहिलं की माणसाला आपल्या गावाची रीतही बातमीसारखी वाटू लागते. आपल्या वाडीत निवडणूक होत नाही, बैठक होते. बैठकीत जो ठरेल त्याचा एकट्याचा अर्ज जातो, तो बिनविरोध निवडून येतो, आणि आपण मतदानाच्या दिवशी झोपतो. ज्या घरचं माणूस चिखलातून निघू शकत नाही त्या घरानं एक सुपारी पाठवायची; नेणाऱ्यानं ती त्या घरानं सांगितलेल्या माणसापुढं ठेवायची. घराचं नाव घ्यायचं नाही, उगीच वैर नको. वर्तमानपत्रात सुपारीचा जो अर्थ छापून येतो तो पूर्वजांना माहीत नव्हता, म्हणून त्यांनी ही रीत घातली असावी.

तारीख संदेशनंच काढली आहे. पाच वर्षं सदस्य आहे, तारीख काढायचा मान त्याचा. जुलैचा दुसरा रविवार, म्हणजे ऐन आवणी, भातलावणीची घाई. रोपांचा तरवा उपटून तयार, खाचरात चिखल झालेला, पाऊस डोक्यावर. त्या दिवशी शेतकरी बांध सोडून देवळात येईल तो एक तर वेडा किंवा आजारी. मागची बैठकही आवणीतच होती. हा योगायोग माझ्या लक्षात यायला मला पाच वर्षं लागली. आणि मी वर्गात मुलांना म्हणतो, बाबांनो, नीट वाचा.

वाडीचा कोंडाजी मागच्या आठवड्यात शाळेत आला. पायाला चिखल तसाच. शिपायानं त्याला पालक समजून बाकावर बसवलं. म्हणाला, "मास्तर, औंदा दत्तोबाचा निवृत्ती उभा ऱ्हायला पायजे. पर माझं नाव सांगू नगा कुणाला." मग दोन दिवसांनी आणखी एक जण. मग तिसरा. प्रत्येक जण वेगवेगळा येतो, इकडंतिकडं बघतो, तुझंच नाव घेतो आणि 'बाकीच्यांचं काय सांगावं' म्हणून निघून जातो. एकमेकांसमोर कोणी बोलत नाही. सावड मोडली ती मोडलीच. आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या, हे आता राहिलं नाही. जो तो आपापली आवणी मजूर आणून करतो किंवा करत नाही.

दुसरी बातमी मला कोणी सांगितलेली नाही, ती वाडीभर आहे. ओढ्याकाठचं मोठं खाचर तू संदेशच्या माणसाला देतो आहेस. पंधरा जुलैला, बुधवारी अकरा वाजता, वडगावला खरेदीखत. जमीन तुझी आहे, तुला शहाणपण शिकवायला मी कोण? फक्त एवढंच सांगतो: ओढा फुगला की पाणी पसरायला आता तुझं खाचरच उरलं आहे. तिथं भराव पडला की पाणी खालच्या अकरा घरांच्या भातात जाईल, किंवा आमच्या वस्तीत. हे मला कळतं असं नव्हे. तुझे वडील सांगायचे.

दत्तोबाभाऊ आणखी एक सांगायचे. मी एकदा मतदानाच्या पवित्र हक्काबद्दल काहीतरी बोललो, तर म्हणाले, "मास्तर, ताटात काय वाढायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं, आन् आमी म्हनायचं ह्यातलं कडबोळं घिऊ का शेव. त्याला कसला आलाय हक्क? चुलीपाशी कोन बसलंय ते बघा आदी." मला ते त्या वेळी गमतीचं वाटलं होतं.

तू बैठकीला ये. उभा राहा अगर राहू नकोस, पण पंधरा तारखेच्या आधी एकदा ये. तुझ्या आईनं, कस्तुरावहिनींनी, मला लिहायला सांगितलं म्हणून मी लिहितो आहे. माझं स्वतःचं असं काही नाही.

बोलण्यासारखं एक आहे. ते भेटीत.

तुझा
राजेंद्र सर


लोणावळा,
२ जुलै

चि. निवृत्ती,

तुझं उत्तर पोचलं. मला नव्हे, तुझ्या आईला, आणि तिच्याकडून मला. वहिनींनी दारातच उभं राहून पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं: "सरांना सांग, ज्या वाडीनं माझ्या बापापुढं सहा सुपाऱ्या ठेवल्या त्या वाडीच्या बैठकीत मी पाय ठेवणार नाही. ज्यांच्या खाचरात तो जन्मभर राबला त्या अकरा घरांनी त्याला उघडं पाडलं. त्यांच्या भातात पाणी जाऊ दे."

म्हणून झाल्यावर वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, चहा घ्या. त्या म्हणाल्या, "नगं." आणि गेल्या.

आईनं हे सगळं आतून ऐकलं.  आई बोलत नाही तेव्हा घरात बसवत नाही. मी शाळेत येऊन, रिकाम्या वर्गात, फळ्याकडं पाठ करून हे लिहितो आहे.

मागच्या पत्रात मी रीत सांगितली. पाच वर्षांपूर्वी तुझे वडील आणि संदेश यांच्यातून एक निवडायचा होता, तेव्हा अकरा घरांच्या सुपाऱ्या कुणी नेल्या ते सांगितलं नाही. तू त्या वेळी चाकणला होतास, तुला माहीत नसणार. त्या मी नेल्या.

रविवार होता. मी वाडीत आईकडं आलो होतो. कोंडाजी बांधावरून ओरडला, "मास्तर, आमी चिखलात हाय. तुमचं पाय स्वच्छ हायेत, तुमीच जावा." सुपारी माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "दत्तोबाम्होरं." मग पुढच्या खाचरातून दुसरा आला, तिसरा आला. कुणी धोतराला हात पुसून दिली, कुणी तशीच. अकरा घरं. अकराही जण एकच नाव सांगून पुन्हा वाकले. निवृत्ती, आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हातात वाडीनं आपला शब्द देण्याची ती पहिली वेळ होती. माझ्या वडिलांना, जानूला, त्या देवळाच्या पायरीखालून निरोप सांगावा लागे. ते रेल्वेत गँगमन झाले, मला शिकवलं, मी संस्कृत शिकलो, आणि आता हातरुमालात अकरा घरांची सुपारी बांधून मी वर चाललो होतो. त्या वेळी माझी छाती किती फुगली होती हे तुला कळावं म्हणून सांगतो. पुढं जे झालं त्याला ही फुगलेली छाती निम्मी कारणीभूत आहे.

उरलेलं निम्मं आई. त्याच्या आदल्या पावसाळ्यात तिचा खुबा मोडला होता. वस्तीला रस्ता नव्हता. चौघांनी घोंगड्याच्या झोळीत घालून ओढ्यातून, कमरेइतक्या पाण्यातून, तिला पलीकडं नेलं. ती ओरडत नव्हती, माझं नाव घेत होती. हाड वाकडं का जुळलं, तर तीन दिवस उशीर झाला म्हणून.

देवळापाशी संदेश भेटला. वाकून पाया पडला, म्हणाला, "सर, पुढच्या पावसाच्या आधी वस्तीला रस्ता देतो. ओढ्यात नळ्या टाकून वर भराव केला की झालं, महिन्याचं काम. दत्तोबाआबांना विचारा, ते काय म्हणतात बघा." मी विचारलं. तुझे वडील म्हणाले, "रस्ता पायजेच, मास्तर. त्येच्याआदी दुसरं काम न्हाई. पर नळ्या नगंत. वरनं झाडंझुडपं येत्यात, नळी तुंबती. शिमिटाच्या सलाबाचा पूल पायजे, ओढ्याला वाट ठिवून. दोन वर्सं लागतील, मी मागं लागतो."

दोन वर्षं. मी आईचा विचार केला. मला वाटलं, या माणसाला काय, याचं घर ओढ्याच्या बऱ्या अंगाला आहे. मला वाटलं, शेतकऱ्याला पंचायतीतलं काय कळतं. कचेरीत बोलणारा, अर्ज लिहिणारा माणूस पाहिजे. ते अकरा जण चिखलातून काय बघणार? मी शिकलेला आहे, त्यांचं हित मला जास्त कळतं. असं सगळं मला पायऱ्या चढता चढता वाटलं. बारा पायऱ्या आहेत.

आत गेलो. एक सुभाषित म्हटलं, अर्थही सांगितला, माना डोलल्या. मग रुमाल सोडला आणि अकराच्या अकरा सुपाऱ्या संदेशपुढं ठेवल्या.

तुझ्या वडिलांपुढं सहा राहिल्या. त्यांनी त्या उचलल्या, कपाळाला लावल्या आणि पाय मोकळे करावेत तसे उठून बाहेर गेले. माझ्याकडं बघितलं नाही. मला तेव्हा हायसं वाटलं.

पण याहून वाईट पुढंच आहे. आठवड्याभरात अकराही घरांतून कोणी ना कोणी येऊन हळूच विचारून गेलं, "मास्तर, आमची सुपारी बरोबर ठिवलीत न्हवं?" मी प्रत्येकाला 'हो' म्हटलं. अकरा वेळा. बैठकीतून बाहेर फक्त आकडे आले होते, सहा आणि पंचवीस; मग प्रत्येक घराला वाटलं, त्या सहांत आपली एक आहे, आपण शब्द पाळला आणि उरलेल्या दहांनी दगा दिला. मोडलेल्या सावडीचं कारण लोक भाऊबंदकी सांगतात, मोबाइल सांगतात, कलियुग सांगतात. कारण मी आहे. पाच वर्षं ती माणसं एकमेकांच्या बांधावरून मान खाली घालून जाताना मी बघतो आहे, आणि दर रविवारी सगळ्यांना नमस्कार करतो आहे.

रस्ता झाला. सांगितल्याप्रमाणे पावसाच्या आधी. तीन नळ्या, वर मुरूम, वर डांबर. आई पहिल्यांदा रिक्षातून दवाखान्यात गेली तेव्हा तिनं रिक्षाच्या टपाला हात लावून नमस्कार केला. मग तोच रस्ता वस्ती ओलांडून डोंगराला गेला आणि वर बंगले दिसू लागले. आमची वस्ती ही त्या रस्त्याची फक्त प्रस्तावना होती.

गेल्या जुलैचं तुला मी काय सांगू? तू दुपारी पोचलास. सकाळचं मला माहीत आहे, कारण मी रविवारचा वाडीत होतो. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. नळ्यांच्या तोंडाशी वरच्या बांधकामाचा राडारोडा आणि झाडोरा येऊन बसला, पाणी रस्त्यामागं चढू लागलं. पूर्वी ओढा तुंबला की सावडीतली माणसं धावायची. एकाच्या कमरेला दोर, दुसरं टोक पाच-सहा जणांच्या हातात. त्या दिवशी दत्तोबाभाऊंनी हाक मारली असणार, पण बोलावलंय कुणाला, आपल्याला की त्या दगाबाजांना, हे कुणाला कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ते पहार घेऊन एकटे उतरले. दोर बांधला होता. दुसरं टोक धरायला माणूस नव्हता म्हणून बंगल्याच्या कुंपणाच्या खांबाला बांधलं. खांब पाया न खणता नुसता मातीत उभा केलेला होता.

पंचनामा मी वाचला आहे. 'नळ्या टाकण्यात आल्या होत्या, प्रवाह अडवला गेला, इसम वाहून नेला गेला.' सबंध कर्मणि प्रयोग. कुणी काय केलं ते एका वाक्यात नाही. ते वाचून पहिल्यांदा मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

तेव्हा तुझ्या निरोपाला उत्तर असं की तुझ्या बापाला वाडीनं उघडं पाडलेलं नाही. सहा नव्हे, सतरा घरं त्याच्या बाजूची होती. संदेशकडं चौदा. अकरा घरांनी चिखलातून हात वर करून बरोबर माणूस निवडला होता. त्यांची चूक एवढीच की निवडायच्या वेळी ते स्वतः गेले नाहीत, पाय स्वच्छ असलेला माणूस पाठवला. ज्याचं भात त्या पाण्यात आहे त्यानंच तिथं बसायला हवं होतं. मला पाणी कळत नाही, निवृत्ती. मला फक्त पाण्याचे सतरा प्रतिशब्द येतात.

बाराला मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. अकरा घरांत मी निरोप दिला आहे की या वेळी मी कुणाची सुपारी घेणार नाही, स्वतः या. का, ते सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्र. माझं तुला जे करायचं ते कर. खाचर मात्र अकरा घरांवरच्या रागानं देऊ नकोस. तो राग चुकीच्या पत्त्यावर गेला आहे.

राजेंद्र


वाडी,
१२ जुलै, संध्याकाळ

निवृत्ती,

तू आला नाहीस. सकाळपासून मी फाट्याकडं बघत होतो. आकाशची उद्या पहिली पाळी आहे, त्याच्याबरोबर हे देतो.

सगळे आले. आवणी अर्धी टाकून, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद. बायकाही आल्या, ते तर कधीच झालं नव्हतं. संदेश दारात उभा होता, पांढऱ्या शर्टात. म्हणाला, "आरं, पाय तरी धुऊन या की रं. देऊळ हाय."

कोंडाजी म्हणाला, "पाच वर्सामागं धुतल्यालं पाय पाठिवलं व्हतं. औंदा ह्येच बघ."

त्याला तेव्हा काही माहीत नव्हतं. तरी मी माझे स्वच्छ पाय मागं घेतले.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. वर्गात आवाज लागतो तसा लागला नाही. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून कोणीतरी म्हणालं, "मोट्यानं, मास्तर." मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. अकरा घरं एकमेकांकडं बघू लागली. त्यांच्या चेहऱ्यांवर मला राग पाहायचा होता, मी त्याची तयारी करून आलो होतो. राग नव्हता. लाज होती. पाच वर्षं शेजाऱ्याला चोर समजल्याची. शिव्या खाणं सोपं गेलं असतं.

संदेशच पहिला बोलला. "सर, जुनं कशाला उकरता? रस्ता तुमच्याच वस्तीला झाला न्हवं? तुमचीच आई त्याच्यावरनं आली आत्ता."

खरंच होतं.  आई कालपासून वस्तीतल्या घरी आली होती, ती खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, "व्हय बाबा, आले. रस्ता पायजेच व्हता आमाला. दत्तोबा बी त्येच म्हनत व्हता. पर त्येच्याखाली माणूस घाला आसं आमी न्हवतं म्हनलं."

मग तुझी आई उठली. मला वाटलं, आता माझी पाळी. ती माझ्याशी बोललीच नाही, लोकांना म्हणाली:

"मला ठावं व्हतं. आमच्या ह्यांनी त्याच सांजला सांगितलं व्हतं. म्हनले, अकरा घरं एकदम खोटं बोलत न्हाईत, एक माणूस बोलतो. मी म्हनलं, मग जावा, बोला चारचौघांत. तर म्हनले, कस्तुरा, वस्तीतल्या माणसाला वाडीनं पयल्यांदा वर बसिवलाय. आज त्याला खोटा पाडला तर उद्या तितल्या पोराला कोन बलावनार न्हाई. पन्नास वर्सं गेली त्यास्नी पायरी चढायला. मास्तर शाना हाय, आपनहून सांगल."

आणि मग माझ्याकडं वळून, अगदी हळू: "चार वर्सं वाट बगितली त्यांनी, भावजी. मग तुमी तिरडीला खांदा दिलात, तवा मी बगत व्हते. तवा बी काय बोलला न्हाईत."

यावर मी काय लिहू? लिहिण्यासारखे माझ्याकडं पुष्कळ शब्द आहेत, त्यांतला एकही वापरायची मला आता हिंमत नाही.

तुझं नाव निघालं. कोंडाजी म्हणाला, निवृत्ती आला नाही, न आलेल्याला कसं ठरवायचं? तर तुझी आई म्हणाली, "त्यो न्हाई येनार. मी हाय की. पानी कुटनं येतं आन् कुटं जातं, ते मला बी कळतं. बेचाळीस वर्सं हुबी हाय त्यात." कोणी हसलं नाही. प्रत्येक जण उठला, स्वतःच्या हातानं सुपारी ठेवून आला. बायकांनीही ठेवल्या, रीतीत बसतं का, असं कुणी विचारलं नाही. मोजायला मला बोलावलं नाही. तुझ्या आईच्या पुढचा ढीग मोठा होता, एवढं बसल्या जागेवरून दिसलं.

संदेश म्हणाला, "मग मी बी फॉर्म भरनार. बगू." म्हणजे या खेपेला मतदानाच्या दिवशी झोपता येणार नाही. त्याच्याकडं गाड्या आहेत, बंगलेवाले आहेत, वरच्या दोन वाड्या आहेत. तुझ्या आईकडं ही सतरा-अठरा घरं, आणि त्यांना पुन्हा एकमेकांशी बोलायची सवय व्हायची आहे. ती निवडून येईल असं मी तुला लिहीत नाही. मला तसं वाटतही नाही, पण माझा अंदाज किती खरा ठरतो ते तू पाहिलंच आहेस.

बैठकीचा कागद लिहायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मला बसवलं. लिहून झाल्यावर तुझी आई म्हणाली, "वाचून दावा." वाचलं. "परत वाचा." परत वाचलं. मग तिनं कागद माझ्या हातातून घेऊन आकाशच्या मुलीकडं, प्रतीक्षाकडं, दिला. ती सातवीत आहे, माझ्याच शाळेत. "तू वाच गं. सरांनी वाचलं तेच लिवलंय का बग." पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं एकेका शब्दावर बोट ठेवत सगळा कागद वाचला आणि म्हणाली, "तेच आहे." तेव्हा कुठं सह्या झाल्या.

बरोबर केलं त्यांनी.

आणखी एक, ते तुझ्या आईनं सांगायला सांगितलं आहे. सातबाऱ्यावर तुझ्याबरोबर तिचंही नाव आहे, आणि ती पंधरा तारखेला वडगावला सहीला येणार नाही. तुला कोर्टात जायचं असेल तर जा, म्हणाली. उठता उठता कोंडाजी म्हणाला, दत्तोबाच्या मोठ्या खाचरात औंदा तरवा पडून आहे, बुधवारी सावड घालू. पाच वर्षांनी पहिल्यांदा तो शब्द ऐकला. अकराही घरांनी माणूस देतो म्हटलं. मीही येतो म्हटलं, कुणी हो म्हणालं नाही, नकोही म्हणालं नाही. मला तरवा नीट लावता येत नाही, वाकडी ओळ जाते. पण बांधावर उभं राहायचं नाही असं ठरवलं आहे.

तुला बुधवारी अकराला कचेरीत बोलावलं आहे. खाचरात सातला. तुझ्या वडिलांच्या जागी, ओळीच्या डाव्या टोकाला, ओढ्याच्या अंगाला, कुणी उभं राहायचं ते ठरलं नाही. 

यात कुणाचाही निरोप नाही; फक्त स्वतःच्या वतीनं लिहिणारा,

राजेंद्र